वाटे घालणारा शेवटी उचलतो

वासूकाका,

बाबा गेले तेव्हा मी चौथीत होते आणि आमच्या घरात एकच गोष्ट भरपूर होती, ती म्हणजे लोकांचे सल्ले. आयेनं माहेरी जावं, मला मामाकडे ठेवावं, मुंबईत कोणाच्या तरी घरी कामाला राहावं. तांदूळ द्यायचं मात्र कोणाला सुचत नव्हतं. त्या पावसाळ्यात आये वरच्या वाडीत लोकांच्या मळ्यात लावणीला गेली, मग बेणणीला, तण काढायला गेली. संध्याकाळी मालकाच्या मागीलदारी उभी राहून मजुरीचं भात पदरात घ्यायची. उभी राहून. दिवसभर वाकून काम केलेल्या बाईला कोणी बस म्हणत नसे. मी तिच्या लुगड्याला धरून शेजारी उभी असायचे. त्या उभं राहण्याचा राग मला आजही येतो, आणि तो गेला नाही हे बरंच झालं. पुढे तोच कामी आला.

नारळी पौर्णिमा झाली, रापणी सुरू झाल्या, आणि तुम्ही आमच्या खळ्यात, दारापुढच्या अंगणात, येऊन उभे राहिलात. तुम्ही आमच्या नात्यातले नव्हता. बाबा ज्या रापणीत होते तिचे तांडेल, म्हणजे म्होरके होता, एवढंच नातं. चहा घेतला नाहीत. म्हणालात, "वयनी, उद्या सकाळी रापणीर येवा. दोरीक हात लावा, वाटो घेवा."

आये म्हणाली, "भावजी, माका भीक नको."

"भीक देवक मी कोण? रापण काय माझी आसा? जेचो हात दोरीक, तेका वाटो."

ज्यांनी रापण पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते, कारण हे पत्र तुमच्याशिवाय इतर लोकही वाचणार आहेत. होडीतून जाळं समुद्रात अर्धगोल सोडतात आणि त्याची दोन टोकं किनाऱ्यावर आणतात. मग दोन्ही दोऱ्या धरून पंचवीस-तीस माणसं जाळं वाळूवर ओढून घेतात. जाळं एकाचं नसतं, होडी एकाची नसते. मासळीचे वाळूवर वाटे पडतात आणि प्रत्येकजण आपला वाटा उचलतो.

दुसऱ्या दिवशी आये पदर खोचून गेली. दोरीवर तिच्या पुढे बाबली होता. तो तेव्हाही बोलायचा थांबत नसे, आताही थांबत नाही. तो म्हणाला, "तांडेला, बायलमाणसाचो हात लागलो तर जाळ्यात काय येतला?"

"म्हावरा येतला मेल्या, आनि काय येतला?"

त्या दिवशी जाळ्यात फारसं काही आलं नाही. थोडे पेडवे, चार बांगडे, बाकी शेवाळ. बाबली म्हणाला, "बगलंस?" आणि तुम्ही म्हणालात, "काल तर वयनी नव्हती. मगे काल काय देवमासो गावललो?" सगळी दोरी हसली. आयेसुद्धा हसली, पदराआड. बाबा गेल्यावर तिला हसताना मी पहिल्यांदा पाहिलं ते तिथे.

मग तुम्ही वाटे घातलेत. एकसारखे, कमरेत वाकून, बोटांनी सारखे करत. सगळ्यांनी उचलले. आयेनं उचलला. शेवटी एक उरला, त्यात मोडकी मासळी जास्त होती, तो तुम्ही उचललात. मी विचारलं, "काका, तुमी चांगलो आदी कित्याक नाय घेतलास?" तुम्ही म्हणालात, "चेडवा, वाटे घालणारो शेवटी उचलता. नायतर वाटे सारके पडतीत कशे?"

माझं सगळं शिक्षण झालं, कणकवलीला बी.ए. झालं, मुंबईला एम.ए. झालं. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. पण राज्यशास्त्राच्या कुठल्याही वर्गात यापेक्षा सरळ वाक्य मला कोणी शिकवलं नाही. हे मी फुशारकीनं सांगत नाही. शिकलेल्या माणसाला हे कबूल करायला थोडी लाज वाटते, म्हणून मुद्दाम सांगते.

त्या वाट्यावर मी वाढले. मी कॉलेजात असताना आये एकटी ओढत होती आणि वाटा तेवढाच येत होता. मला दिल्लीला नोकरी लागली, सरकारी कक्षात, कंत्राटावर, तेव्हा तुम्ही सगळ्या किनाऱ्याला सांगत फिरलात, "आमच्या रापणीचा चेडू दिल्लीक गेला." आमच्या रापणीचा. वासूच्या शेजारचं नाही, अमक्याची मुलगी नाही.

त्या नोकरीवरूनच आपलं वाजलं.

पहिल्या मे महिन्यात घरी आले तेव्हा तुम्ही खळ्यात जाळं विणत बसला होता. विचारलंत, थंय करतंस काय? मी सांगितलं की समुद्राचे आणि मासेमारीचे नियम ठरवणारी एक आंतरराष्ट्रीय संस्था आहे, बऱ्याच देशांची मिळून. आपलं सरकार तिला दरवर्षी वर्गणी देतं. आता त्याशिवाय वेगळा निधी देणार आहे, ती संस्था सुधारावी म्हणून, तिथे लहान मासेमारांचंही ऐकलं जावं म्हणून. त्या निधीच्या टिपणी मी लिहिते.

तुम्ही विणायचे थांबलात. "आमच्या बंदरावरचो दिवो दोन वर्सां पेटणा नाय, आनि तुमी भायल्या देशात पैशे धाडतास?"

"काका, म्हावऱ्याक देश नसता. भायर मोठी जहाजा पिलांसकट सगळा ओढून नेतत. तेंका नेम घालूचो तर सगळ्या देशांनी एकत्र बसाक व्हया. आपण पैशे दिले नाय, तर आपणाक कोण इचारतलो?"

तुम्ही जरा विचार केलात. "हां, ह्या बरोबर. दोरीक हात लावल्याबिगर वाटो नाय." मला वाटलं, जिंकले. तेवढ्यात तुम्ही सुई माझ्याकडे रोखलीत. "पण माका एक सांग. तुझ्या त्या जगाच्या रापणीत वाटे कोण घालता? आनि पयलो कोण उचलता?"

उत्तर मला ठाऊक होतं. तिथे जे मोठे देश जास्त वर्गणी देतात तेच नियमांचे मसुदे लिहितात, आणि तेच पहिले उचलतात. मी म्हटलं, "तेच सुधारूक पैशे देतांव मां." तुम्ही "बगया" म्हणालात आणि पुन्हा विणायला लागलात. तेव्हापासून ती संस्था आपल्या दोघांत "जगाची रापण" झाली. दर फोनला तुमचा ठरलेला प्रश्न असे. "काय गो, सुदारली काय तुझी रापण?"

आता चुकीबद्दल लिहिते. तुमच्या हयातीत तोंडाने बोलले नाही, म्हणून इथे लिहिते.

त्या संस्थेत मासेमारांचं एक सल्लागार मंडळ व्हायचं होतं, आपल्याच निधीतून. प्रत्येक किनाऱ्याला एक जागा. त्यासाठी सगळ्या देशांकडून किनाऱ्यांची यादी मागवली होती. तक्त्यात तीन रकाने होते. होडीमालक, मजूर आणि व्यापारी. आपल्या किनाऱ्याचा तक्ता माझ्या टेबलावर आला. मला वाटलं, हा तर माझा किनारा, याला कोणाला विचारायचं? दिल्लीच्या त्या खोलीत बसून मी एका दुपारी भरून टाकला. रापणीपाशी अडले. तुमच्यात कोणी एक मालक नाही, म्हणून पहिला रकाना चालेना. व्यापारी तर तुम्ही नव्हताच. उरला तो मधला. रापणीतली सगळी घरं मी "मजूर" मध्ये लिहिली आणि पुढच्या ओळीवर गेले. एका मिनिटाचं काम.

दुसऱ्या कोणी ही चूक केली असती तर अज्ञान म्हटलं असतं. मी आयेला मालकाच्या मागीलदारी उभं राहताना पाहिलं होतं. त्यानंतर तिला दोरीवर पाहिलं होतं. मजूर म्हणजे काय आणि वाटेकरी म्हणजे काय हे त्या खोलीत फक्त मलाच माहीत होतं. आणि मीच लिहिलं.

मजुरांच्या बाजूने मालकांनी बोलावं असा त्या मंडळाचा नियम होता. त्यामुळे आपल्या किनाऱ्याची जागा रापणीला मिळाली नाही, यांत्रिक नौकांच्या एका मालकाकडे गेली. ज्याच्या जाळ्यांमुळे आपली रापण रिकामी येते, तोच आता आपल्या वतीने जगात बोलणार होता.

यादीची प्रत गावात आली, शाळेच्या मास्तरांनी ती देवळासमोर वाचून दाखवली, आणि तुमचा फोन आला.

"चेडवा, माका मजूर कोणी केल्यान?"

मी खोटं बोलू शकले असते. वरून आलं म्हणाले असते. पण नाही बोलले. "मी," म्हटलं.

मागे बाबली काहीतरी बडबडत होता, त्याला तुम्ही गप्प केलंत. मी घाबरून बोलत सुटले. "काका, तो फक्त रकाना आहे. ते तांत्रिक वर्गीकरण असतं. त्याचा प्रत्यक्षात तसा अर्थ होत नाही."

"माझ्यावांगडा हापिसातली भाषा बोलू नको. मजूर म्हटल्यार धनी लागता. माझो धनी कोण? ताचा नाव सांग."

तुम्ही फोन ठेवलात.

त्यानंतर आठ महिने तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. चतुर्थीला आमच्या घरी आरतीला आलात, दरवर्षीप्रमाणे झांजा तुमच्याच हातात. जेवायला बसलात. मी वाढत होते आणि तुम्ही आयेला सांगत होता, "वयनी, तुमच्या चेडवाक सांगा, माका भात पुरे." मी तुमच्यासमोर उभी. आये म्हणाली, "भावजी, ता हयच आसा, तुमीच सांगा." तुम्ही पानातला उरलेला मोदक खाल्लात, पाणी प्यायलात आणि उठलात. आयेच्या वाट्याला मात्र एक दिवससुद्धा खंड पडला नाही. मला तेच जास्त लागलं. तुम्ही माझ्यावरचा राग तिच्या टोपलीत उतरू दिला नाहीत.

मी दिल्लीत धडपडत होते हे तुम्हाला माहीत नव्हतं. साहेबांना सांगितलं, तक्ता चुकलाय, चूक माझी आहे. साहेब म्हणाले, यादी बंद झाली. मी म्हटलं, उघडता येईल, पुढचा हप्ता अजून द्यायचा आहे. तो निधी सुधारणेसाठीच आहे ना, मग चौथा रकाना घाला अशी सुधारणा आपणच मागू. ते म्हणाले, "मॅडम, एका गावासाठी?" मी म्हटलं, एका गावासाठी नाही. केरळात अशा ओढीच्या जाळ्यांचे लोक आहेत, श्रीलंकेत आहेत, आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर आहेत. सगळीकडे ते मजूर म्हणून लिहिले गेलेत, कारण तक्ता करणाऱ्याला मालक, मजूर आणि व्यापारी सोडून चौथं माणूस माहीत नव्हतं. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि विचारलं, "पण ही रापण म्हणजे संस्था आहे हे कशावरून? तिची नियमावली कुठे आहे?"

कुठेच नव्हती. ती फक्त तुमच्या तोंडी होती, आणि तुम्ही माझ्याशी बोलत नव्हता.

म्हणून मी मार्गशीर्षात आले. सकाळी थेट किनाऱ्यावर गेले, प्रवासातल्याच कपड्यांत. दोऱ्या नुकत्या किनाऱ्याला लागल्या होत्या. बाबली ओरडला, "इली रे, दिल्लीवाली इली! आता धनी कोण ता कळतला!" लोक हसले. तुम्ही हसला नाहीत. मी तुमच्यासमोर जाऊन म्हटलं, "काका, माका रापणीचे नेम लिवन व्हये." तुम्ही समुद्राकडे बघत राहिलात. मला वाटलं, आता इथूनच परत जावं लागणार. लोकांसमोर.

मग म्हणालात, "दोरीक हात लाव. मगे काय ता बोल."

आठ महिन्यांतलं पहिलं वाक्य.

मी चपला काढल्या आणि दोरी धरली. ओली, वाळूने भरलेली, खरखरीत. दहा पावलांत तळहात सोलले. आणि तांडेल म्हणून तुम्ही नेहमी पाण्याच्या कडेला दोन्ही दोऱ्यांच्या मध्ये उभे राहता, ते त्या दिवशी राहिला नाहीत. माझ्या मागे येऊन तीच दोरी धरलीत. मला वाटलं, नवखी आहे म्हणून जोर कमी पडू नये. एवढंच वाटलं.

ओढता ओढता तुम्ही सांगत गेलात आणि मी विचारत गेले.

"आजारी पडलो तर?"

"ताच्या घरातला कोणय येवंदे. कोण नसला तरी वाटो आसा."

"घो गेलो तर बायलेचो वाटो?"

"ह्या तू माका इचारतंस?"

मी दोरी ओढली आणि पुढचं विचारलं, "जाळा फाटला तर?"

"जाळ्याक आनि होडयेक येगळो वाटो. तो कोणी खायचो नाय."

"आनि तांडेल चुकलो तर? तेका कोण काडता?"

"सगळे."

"कसो काडतत? मतदान?"

बाबली पुढून खिदळला. तुम्ही म्हणालात, "दोरी सोडतत. सगळ्यांनी दोरी सोडली काय तांडेल रवता खंय?"

त्या दिवशी बांगडा बरा लागला. तुम्ही वाटे घातलेत, मलाही एक घातलात आणि शेवटचा स्वतः उचललात. मी तो वाटा घरी नेला, आयेनं बांगड्यांचं तिखलं, झणझणीत कालवण केलं, आणि मी सोललेल्या हातांनी आमच्या पडवीत बसून तुमचे सगळे नियम लिहून काढले. सरळ वाक्यांत, जसे तुम्ही बोललात तसे. दिल्लीला जाऊन इंग्रजी केलं तेव्हा त्यातलं "दोरी सोडतत" साहेबांनी दोनदा वाचलं. म्हणाले, "हे तर आपल्याकडेही नाही."

टिपणी वर गेली. मग तुमचा फोन आला, आपला शेवटचा. माझ्याशी पुन्हा बोलायला लागला होता, पण आखडूनच.

"फॉर्मात काय लिवलंस?"

"वाटेकरी."

"हां." मग खोकलात. मग म्हणालात, "पण चेडवा, आपण पैशे देतांव म्हणान ते ऐकतले. मगे जेच्याकडे देवक काय नाय, तेचा कोण ऐकतलो?"

मी दमलेली होते. समोर कागदांचा ढीग होता. म्हटलं, "काका, आता ह्यो वाद नको. आदी रकानो होवंदे."

"बरा. मगे बोलया."

मग नाही बोललो.

ज्या दिवशी त्या संस्थेच्या बैठकीत चौथ्या रकान्याचा विषय होता, मी आमच्या शिष्टमंडळाच्या मागच्या रांगेत कागद पुरवत बसले होते. फोन थरथरला. आयेचं नाव होतं. मला वाटलं, तुम्हीच तिच्या फोनवरून विचारत असाल, काय झाला म्हणून. मी फोन उलटा ठेवला. मनात म्हटलं, थांबा काका, थोडं थांबा, होतंय. एका मोठ्या देशाचा माणूस तेव्हा बोलत होता, म्हणत होता की निधीला अटी लावणं बरं दिसत नाही. मला त्याचा राग आला, आणि त्याच वेळी वाटलं, हा माणूस वेगळ्या तोंडाने काकांचंच बोलतोय, पैसे देणाऱ्याचंच का ऐकायचं. निर्णय पुढे ढकलला गेला. मी बाहेर येऊन फोन लावला. आये म्हणाली, "वासू तांडेल गेलो गो. तुका बोलवीत होतो."

मी उलटा ठेवलेला तो फोन. त्याबद्दल मला स्वतःशी काही समजूत घालता येत नाही आणि मी घालणारही नाही.

तेराव्याला आले. दुसऱ्या दिवशी रापण लागणार होती, तुमच्याविना पहिली. आदल्या संध्याकाळी खळ्यात बाबली माझ्याजवळ येऊन बसला. बराच वेळ बोलला नाही, म्हणजे बाबलीसाठी बराच वेळ. मग म्हणाला, "तू सगळे नेम लिवन घेतलंस म्हणे. एक रवलो."

"कोणतो?"

"रापणीतल्या दोघांचा भांडान झाला तर तेंका एकाच दोरयेर लावचा. हाताक हात लागान. जाळा वर येयपर्यंत." माझ्याकडे न बघता तो पुढे म्हणाला, "तांडेलाक म्हटलंय मी त्या दिसा, तू थंय कित्याक जातंस, तुजी जागा मदी. तो म्हणालो, गप रव, माका नेम म्हायत आसा."

मी उठून आत गेले.

म्हणजे त्या सकाळी तुम्ही जोर कमी पडू नये म्हणून माझ्या मागे उभे राहिला नव्हता. तुम्ही भांडण मिटवायला आला होता, तुमच्या पद्धतीने, सगळ्या रापणीसमोर. सगळ्यांना कळलं होतं. एक मलाच कळलं नाही, एम.ए. झालेल्या बाईला. सगळे नियम सांगितलेत आणि हा एक पाळून दाखवलात, म्हणून सांगितला नाहीत. आणि मी तेव्हाही "चुकलंय काका" म्हटलं नाही. मला वाटलं, रकाना बदलला की तेच माझं म्हणणं होईल. आता म्हणते. चुकलंय काका.

तुमच्या त्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर अजून माझ्यापाशी नाही. चौथा रकाना मी सगळ्या देशांसाठी मागितला, ज्यांनी एक पैसा दिला नाही त्यांच्यासाठीसुद्धा, हे खरं आहे. पण आमचं ऐकलं गेलं ते आमचा हप्ता अडून होता म्हणून, हेही खरं आहे. आये रापणीत आली तेव्हा तिच्याकडे जाळं नव्हतं, होडी नव्हती, होते ते दोन हात. तिला वाटा देताना तुम्ही विचारलं नव्हतं, काय आणलंस. तुमची रापण तिथवर गेली होती, जगाची अजून गेली नाही. म्हणून वर्गणी देणं बंद करावं असं मी म्हणणार नाही. दोरी सोडली तर आपला हातच राहत नाही. पण नुसती दोरी धरून भागत नाही, हे तुम्ही मला खळ्यात पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. हा वाद मी तुमच्याशी आयुष्यभर घालणार आहे. तुम्ही नसलात तरी दुसरी बाजू मला पाठ आहे.

परवा साहेबांचा फोन आला. निर्णय झाला होता.

मी तो रापणीला सांगितला, सकाळी, वाटे घालायच्या आधी. मग प्रश्न आला, मंडळावर आपल्याकडून कोण जाणार? दोघंतिघं म्हणाले, वयनीक धाडूया, सगळ्यात आदी तिनाच सोसल्यान. आयेनं टोपली खाली ठेवली आणि म्हणाली, "नको. ह्ये वाटे माझ्या चेडवान घातले. आमच्या घरान शेवटी उचलूक व्हया."

कोणी वाद घातला नाही. तुमच्या रापणीत त्यावर वाद होतच नाही.

बाबली जाणार आहे, काका. सगळ्यांनी हात वर केले तेव्हा त्याचं तोंड बघायला तुम्ही हवे होता. एकदम गप्प. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "थंय जेवणाक म्हावरा गावता मां? आनि मी मालवणीतच बोलतलंय, तेंका कळाक व्हया तर तेंनी माणूस ठेवचो." मी सांगितलं, दुभाषा असतो. तो म्हणाला, "बरा. मगे तेका आदी एकदा दोरयेक लावया."

त्यानंतर नव्या तांडेलाने वाटे घातले. मीही दोरीला हात लावला होता, म्हणून एक माझा होता. सगळ्यांनी उचलले, तांडेलाने उचलला, आणि मी त्याच्याही मागून उचलला.

काका, यादी बदलली. तक्त्यात चौथा रकाना आला, त्याचं नाव वाटेकरी. आपल्या किनाऱ्याची जागा रापणीला मिळाली. आपल्या रापणीतलं एकही घर आता त्या यादीत मजूर म्हणून नाही.